बेडगीचा रंग, हंगेरीची कोंबडी

होळी झाली की पेणच्या बाजारात मिरचीची पोती उघडतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी, लवंगी अशी रांगेत मांडलेली. खारेपाटातून आलेल्या बायका दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबत नाहीत. मूठभर बेडगी उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. आत बी खुळखुळलं तर माल नीट वाळलेला. मग एक मिरची मधोमध मोडायची, आतल्या बाजूचा रंग बघायचा, वास घ्यायचा. बाहेरून लाल आणि आतून फिकी निघाली की पोतं नापास. वर्षाच्या मसाल्याचा प्रश्न असतो, घाई करून चालत नाही.

हंगेरीतली प्रसिद्ध पाप्रिका कोंबडी पेणला किंवा रोह्याला घरी करायची असेल, तर तिची सुरुवात या पोत्यापाशी होते. मोठ्या शहरातल्या दुकानांत पाप्रिकाच्या महागड्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या बऱ्याच धुरी दिलेल्या तिखटाच्या असतात आणि ती तऱ्हा स्पेनची. स्पेनच्या ला वेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. हंगेरीच्या पाप्रिकाला धुराचा वास नसतो. म्हणजे पैसे मोजूनही बाटलीतून भलताच देश घरी येतो. त्यापेक्षा आपली बेडगी या पदार्थाच्या कितीतरी जवळ आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ते खाऊन झालेलं आहे.

पदार्थ मुळात साधा. त्याचं हंगेरियन नाव पाप्रिकाश चिर्के. कोंबडी, कांदा, चरबी, लाल पाप्रिका आणि शेवटी आंबट साय. आलं नाही, लसूण बहुतेक घरांत नाही, गरम मसाला तर नाहीच. हंगेरीच्या स्वयंपाकात पाप्रिकावर उभे असलेले चार प्रकार मानतात: गुयाश हा पातळ, सूपसारखा, प्योर्कोल्ट हा दाट रश्शाचा, तोकाञ हा लांबट कापलेल्या मांसाचा, आणि ज्यात आंबट साय पडते तो पाप्रिकाश. आपण बाहेर ज्याला सरसकट 'गुलाश' म्हणतो, तो त्यांच्या हिशेबात बहुतेक वेळा प्योर्कोल्ट असतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत, म्हणजे 1897 साली, इंग्लंडहून निघालेला तरुण वकील ट्रान्सिल्व्हानियाच्या वाटेवर क्लाउझेनबुर्गला मुक्काम करतो आणि रात्री पाप्रिका घातलेली कोंबडी जेवतो. त्याला ती आवडते, रात्रभर तहान तहान होते आणि होणाऱ्या बायकोसाठी कृती मिळवायची असं तो वहीत टिपून ठेवतो. आजचं क्लुज ते हेच. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होतं.

आता मिरचीच्या प्रवासाकडे वळू, कारण त्यात रोह्याची कुंडलिका येते. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचल्यानंतर ती जगभर पसरली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली आणि तिथून ती देशभर गेली. याच पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलला पाय रोवले आणि रेवदंड्याचं ठाणं 1740 मध्ये मराठ्यांच्या हाती जाईपर्यंत सोडलं नाही. रोह्याहून वाहत जाणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या एका काठावर रेवदंडा आणि समोर कोर्लईचा किल्ला. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजाधारित बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं राहतात. म्हणजे ज्यांच्या गलबतांनी मिरची या किनाऱ्याला आणली, त्यांचा जवळजवळ सव्वादोनशे वर्षांचा शेजार रोहेकरांना होता.

हंगेरीत मिरची पोचली ती तुर्कांच्या काळात. बुडा शहर 1541 पासून 1686 पर्यंत उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होतं. सुरुवातीला तिकडे तिला तुर्की मिरीच म्हणत. सरदार-उमरावांच्या ताटात ती फार उशिरा आली. आधी ती पोटात गेली शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या, तिसा आणि डॅन्यूब नद्यांवरच्या मच्छीमारांच्या. काळी मिरी महाग, ही परसात उगवणारी. आपल्याकडेही हेच झालं. खाडीवर मासे मारणाऱ्याला आणि मिठागरात राबणाऱ्याला मिरी-लवंग रोज परवडत नव्हती, मिरची परवडली. दोन्हीकडच्या गरिबांनी तिला आपलंसं केलं आणि मग तिचं रूप आपापल्या गरजेप्रमाणे घडवलं.

हे घडवणं मात्र अगदी वेगवेगळ्या दिशांनी झालं. हंगेरीने तिखटपणा कमी कमी करत नेला. तिखट बियांत असतं असं आपण म्हणतो; खरं तर ते बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या शिरांत असतं, बियांना ते लागून येतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सेगेड गावच्या पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया काढून दळण्याची पद्धत बसवली. पुढे विसाव्या शतकात मुळातच तिखट नसलेले वाण तयार झाले. त्यामुळे हंगेरियन बाई कोंबडीत तीन-तीन मोठे चमचे पाप्रिका घालू शकते आणि लहान मूलही ती कोंबडी खातं. सेगेड आणि कालोचा ही पाप्रिकाची दोन मोठी गावं. दोघांच्या भुकटीला युरोपीय संघाचं नावासकट संरक्षण आहे. सप्टेंबरात तोडणी झाली की लाल मिरच्यांच्या माळा घरांच्या भिंतींवर वाळत घालायची तिथली जुनी रीत. याच सेगेडच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ताज्या पाप्रिकातून क जीवनसत्त्व किलोच्या मापात वेगळं केलं. तोवर ते चिमूटभर मिळवतानाही शास्त्रज्ञ मेटाकुटीला येत. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. घरी रात्रीच्या जेवणाला पाप्रिका होती, खायची इच्छा नव्हती, म्हणून ती प्रयोगशाळेत नेली, असं ते स्वतः सांगत.

आपण तिखट ठेवलं आणि त्याच्या सोबतीला वीस-पंचवीस जिन्नस आणले. पेण-रोह्याकडच्या आगरी-कोळी घरांचा मसाला म्हणजे रंगाला बेडगी आणि काश्मिरी, झणक्याला संकेश्वरी किंवा पांडी, वर धणे, जिरे, बडीशेप, शहाजिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, नाकेशर, चक्रीफूल, जायपत्री, खसखस, मोहरी, मेथी, हळकुंड, हिंग. प्रमाण घराघरात वेगळं आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडीच जातं. मिरच्यांची देठं काढायची, अंगणात चटईवर तीन-चार कडक उन्हं द्यायची, खडे मसाले भाजायचे आणि सगळं डंखावर न्यायचं. लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात, शेजारी उभं राहिलं की डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, आणि तरी बायका जागच्या हलत नाहीत. आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये यावर नजर असते. पाऊस लागण्याआधी बरण्या भरून, वर हिंगाचे खडे ठेवून, फडक्याने दादरा बांधला की वर्षाची काळजी मिटली. आणि हे सगळं अशा मुलखात, जिथे लाल मिरचीचं पीक जवळपास नाही. इथे भात पिकतो, भातामागून वाल. मिरची येते घाटापलीकडून: बेडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून, संकेश्वरी बेळगावकडून. ज्याची शेती नाही त्याच्यावर एका मुलखाने आपली चव उभी केली.

बेडगीबद्दल थोडं अधिक सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव, तिथला मिरचीबाजार देशभर माहीत. 2011 मध्ये या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दोन जाती: कड्डी ही लांब, सडपातळ, डब्बी ही आखूड, फुगीर, रंगाला जास्त गडद. दोघींचा तिखटपणा बेताचा आणि रंग भरपूर. म्हणूनच बेडगीचा मोठा हिस्सा कारखान्यांत जातो, तिथे तिचा लाल अर्क काढतात आणि तो खाद्यपदार्थांपासून लिपस्टिकपर्यंत वापरला जातो. बेडगी, हंगेरीची पाप्रिका आणि भाजीवाल्याकडची ढोबळी मिरची या तिन्ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. तेव्हा बेडगीची पाप्रिका करणं म्हणजे नकली माल करणं नव्हे. एकाच घराण्यातल्या बहिणीला पुढे करणं आहे.

ही पाप्रिका अशी करायची. पाव किलो डब्बी बेडगी घ्या, डब्बी नसेल तर कड्डी. देठं मोडा, प्रत्येक मिरची उभी फाडा, बिया झटकून टाका आणि आतली पांढरी शीर नखाने ओढून काढा. हाताला तेल लावून बसा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं फसतं, कारण तीन चमचे तिखट घालूनही सौम्य राहील अशी भुकटी आपल्याला हवी आहे. नुसती सालं उरली की एक-दोन कडक उन्हं द्या. तव्यावर भाजू नका. भाजलं की आपल्या मसाल्याचा वास येऊ लागतो आणि रंगही काळवंडतो. सालं कुरकुरीत झाली की मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, भांडं तापू देऊ नका, आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. भुकटी काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. उजेड आणि उष्णता हे तिच्या रंगाचे शत्रू.

रोह्याला आत्याकडे मी ही कोंबडी केली तेव्हा आत्या ओट्याशी उभी होती. तिच्या हातची गावठी कोंबडी आमच्या घराण्यात नावाजलेली. कांदा-खोबरं निखाऱ्यावर काळपट भाजायचं, पाट्यावर वाटायचं, तेलात मसाला टाकून लाल तवंग सुटेपर्यंत परतायचा, ही तिची रीत. तिला माझं सगळंच उलटं वाटत होतं. कोंबडीवाल्याकडून मी कातडी न काढता तंगडीचे तुकडे आणले होते. हंगेरीत डुकराची चरबी वापरतात. तिच्याऐवजी कोंबडीची कातडी आणि दोन चमचे तेल, असा माझा हिशेब. तुकड्यांना मीठ लावून आधी कातडीची बाजू पातेल्यात टेकवली, चरबी सुटली, तुकडे बाजूला काढले. त्याच चरबीत दोन मोठे कांदे, अगदी बारीक चिरलेले, चिमूटभर मीठ आणि वर झाकण. कांदे अलिबागचे पांढरे होते. वडखळच्या रस्त्याला त्यांच्या माळा टांगलेल्या असतात आणि गोडसर, कमी उग्र अशा या कांद्यालाही भौगोलिक मानांकन आहे. गॅस अगदी मंद. वीस मिनिटं.

"लाल कधी करणार कांदा?" आत्याने विचारलं.

"करायचाच नाही. काचेसारखा पारदर्शक झाला, चमच्याखाली दबला की पुरे."

आणि मग तो क्षण आला ज्यावर हा पदार्थ तरतो किंवा बुडतो. मी गॅस बंद केला, पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं आणि अर्धा मिनिट थांबले.

"अगं, मसाला घालायच्या वेळेला गॅस कशाला बंद केलास? तेलात तडतडल्याशिवाय कच्चा लागेल तो."

पाप्रिकाच्या भुकटीत साखरेचा अंश बराच असतो. तापलेल्या तेलात ती काही सेकंदांत करपते, तपकिरी होते आणि कडू लागते. पण तेलाशी तिची गाठ पडायला तर हवी, कारण मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून तेल गरम हवं, उकळतं नको. गॅसवरून उतरवलेल्या पातेल्यात तीन चमचे बेडगी घातली आणि भराभर ढवळलं. कांद्याच्या ओलाव्यात आणि कोमट चरबीत ती भुकटी आधी विटकरी दिसली, मग बघता बघता सगळं पातेलं गर्द लाल झालं. कडेने पारदर्शक लाल तेल सुटू लागलं. लगेच अर्धी वाटी पाणी घातलं, म्हणजे करपायची भीती गेली, आणि पातेलं पुन्हा गॅसवर. आत्या वाकून बघत होती. "रंग बाकी माझ्या रश्शापेक्षा उजवा आला," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकणं सोपं नाही.

त्यानंतर अवघड काही नाही. कोंबडीचे तुकडे आत, एक टोमॅटो, अर्धी ढोबळी मिरची, पाणी तुकडे जेमतेम अर्धे बुडतील इतकंच. झाकण ठेवून मंद आचेवर ब्रॉयलरला चाळीस मिनिटं पुरतात. गावठी कोंबडी घेतलीत तर दीड तास धरा आणि पाणी वाढवा. चव खोल येते, पण हंगेरीत हा पदार्थ कोवळ्या कोंबडीचाच, आणि मीही त्याच बाजूची.

आंबट साय आपल्याकडे सहज मिळत नाही. नुसतं दही घातलं तर ते फाटून रश्शात कण्या होतात. त्यावर उपाय आपल्या श्रीखंडाच्या तयारीत आहे: वाटीभर चक्का, आंबट नको, ताज्या दह्याचा, त्यात दोन चमचे दुधाची ताजी साय आणि एक चमचा मैदा घालून गुठळी राहणार नाही असं घोटायचं. पातेल्यातला गरम रस्सा पळीपळीने या मिश्रणात घालून ते आधी कोमट करायचं, मगच पातेल्यात ओतायचं. त्यानंतर पाच मिनिटं नुसती वाफ. उकळी फुटू द्यायची नाही. मैदा दह्याला फाटू देत नाही आणि रस्सा दाट करतो. लाल रंगाचा केशरी-गुलाबी होतो. वरून पाप्रिका भुरभुरली की झालं.

सोबत हंगेरीत नोकेडली असतात. पाव किलो मैदा, दोन अंडी, मीठ आणि पाणी घालून भज्यांपेक्षा थोडं घट्ट पीठ भिजवायचं आणि भोकाभोकाच्या खवणीवरून खळखळत्या मिठाच्या पाण्यात थेंब पाडायचे. आपल्या घरातला बुंदीचा झारा हे काम उत्तम करतो. गोळ्या वर तरंगल्या की निथळून तुपावर परतायच्या. पण खरं सांगू? रोह्याच्या त्या जेवणात नोकेडलीला मुलांनी हात लावला आणि मोठ्यांनी तांदळाच्या भाकरीशी कोंबडी संपवली. भाकरी त्या गोडसर-आंबट रश्शाला अधिक शोभते, असा निकाल लागला आणि मला तो मान्य आहे.

आत्याची एक तक्रार राहिली: "चांगली आहे, पण अंगावर येत नाही." तिचं बरोबर आहे. आपल्या तोंडाला कोंबडीकडून झणझणीतपणाची अपेक्षा असते. त्याला वेगळे सण-हंगाम आहेतच. डिसेंबर उजाडला, वालाच्या शेंगा भरल्या की याच पेण-रोहे-अलिबाग पट्ट्यात शेतात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, मडकं उपडं घालून भोवती जाळ. तिथे पाण्याचा थेंब नाही, रस्सा नाही. पाप्रिका कोंबडीने पोपटीची जागा घ्यावी असं कुणीच म्हणणार नाही. तिखट न खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना लाल रश्शाचं सुख देणारा एक पदार्थ आपल्या घरात असावा, एवढंच माझं मागणं.

पण त्यासाठी भुकटी घरची हवी, हे मी पुन्हा सांगते आणि त्याला कारण आहे. हंगेरीत 1994 मध्ये पाप्रिकाचा रंग खुलवण्यासाठी त्यात शिशाचा शेंदूर मिसळला गेला, लोक आजारी पडले, अटका झाल्या. 2004 मध्ये बाहेरच्या देशांतून आणलेली, बुरशीच्या विषाने दूषित मिरची हंगेरियन पाप्रिकात मिसळल्याचं आढळलं आणि सरकारला काही दिवस देशभर विक्री थांबवावी लागली. ज्या देशाने पाप्रिकाला राष्ट्राची ओळख केलं, तिथे हे घडलं. आपलंही नाव त्यात आहे: 2003 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या लाल तिखटात सुदान नावाचा कापडा-मेणाचा रंग सापडला आणि तिकडे आयातीवर तपासणीची सक्ती आली. मिरची अख्खी असते तोवर तिला फसवणं अवघड असतं. भुकटी झाली की डोळ्यांना काही कळत नाही. पेणच्या बाजारात मिरची कानाशी नेऊन हलवणारी, मोडून आतला रंग बघणारी बाई ही खरी तपासनीस आहे.

आणि अशा बायका कमी होत चालल्या आहेत. पेण पापड, मिरगुंड, कुरडयांसाठी ओळखलं जातं, तयार मसाल्यांची पाकिटंही इथे भरपूर. फ्लॅटमध्ये अंगण नाही, गच्चीला कुलूप, उन्हाळ्यात नोकरीतून सुट्टी नाही. पाकीट घेणाऱ्या सुनेला मी नावं ठेवणार नाही. पण ज्यांच्या घरी अजून दरवर्षी मसाला होतो, त्यांना एक विनंती. येत्या होळीनंतर मिरच्या उन्हात घालाल, तेव्हा डंखावर नेण्याआधी त्यातली पाव किलो बेडगी बाजूला काढा. तिच्या शिरा-बिया काढून नुसती साल दळा आणि वेगळ्या बरणीत ठेवा. मुलांना हाताशी घेऊन बसा. अख्खी मिरची कशी पारखायची हे त्यांना तेवढ्यात शिकून होईल. पाव किलोची भुकटी पाच-सहा वेळच्या कोंबडीला पुरते.